सेवा खंडित होत आहे

रविवार, ५ जानेवारी

आमच्या स्टोअरमध्ये दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पुरवठादाराच्या डायऱ्या येतात. यंदाची एक मी घरी आणली. बेअरिंगवाल्याची आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी बेअरिंगचं चित्र. इतकी वर्षं लिहायला काही नव्हतं, आता आहे.

आषाढात वडील गेले. त्यानंतर आईला नांदगावजवळच्या आमच्या खेड्यातून इथे सिडकोत आणलं. सहा महिने झाले. आई बोलत नाही. म्हणजे हो, नाय, बरं, एवढं बोलते. जेवायला बसली की चतकोर भाकरी खाते आणि ताटातच हात धुते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, म्हणाले काही नाही. वजन तेवढं एकेचाळीस किलो. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, असंच चाललं तर उन्हाळा जड जाईल. प्रतिभाला मी एवढंच सांगितलं की उन्हाळ्यात जपायला सांगितलंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि पीठ जरा जास्तच वेळ मळलं.

काल स्नेहल पुण्याहून आली होती. आजीसाठी एक खोका ठेवून गेली. डालड्याच्या जुन्या डब्याएवढा, गोल, काळा. त्याला तोंडी सांगायचं, मग तो गाणी वाजवतो. त्याच्यामागे गाण्यांची एक सेवा आहे. ती तिने माझ्या फोनवर, माझ्या नावाने घेतली. पहिला महिना फुकट, वर दोन दिवस सवलत. म्हणाली, "पप्पा, यात जगातली सगळी गाणी आहेत."

"भजनं?"

"सगळी म्हणजे सगळी."

खोक्यात एका बाईचा आवाज आहे. त्या आवाजाचं नाव एबी. एबी अशी हाक मारल्याशिवाय ओ देत नाही. स्नेहलने आजीला तीनदा शिकवलं. आई म्हणाली, "बरं."

बुधवार, ८ जानेवारी

पहिली पाळी होती. पहाटे कंपनीच्या बसला निघताना खोक्याला भजनं लावायला सांगून गेलो. साडेतीनला आलो तर खोका गप्प आणि आई माळ घेऊन बसलेली.

प्रतिभाने सांगितलं, दुपारी आईने स्वतःहून हाक मारली. एबी तिच्या तोंडात बसत नाही. ती म्हणाली, "ए बाई." आणि खोक्याने ओ दिली!

आईने आज पूर्ण भाकरी खाल्ली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. नामाचा महिमा आपण ऐकत आलेलो असतो, पण असा ताटात दिसतो तेव्हा अंगावर काटा येतो.

एक अडचण आहे. संध्याकाळी नवसाबाई दारावर भाजी घेऊन आली. जिन्यातूनच ओरडली, "ए बाई, मेथी घे!" आतून खोका म्हणाला, "मेथी नावाचं गाणं मला सापडलं नाही." नवसाबाईने टोपली खाली ठेवली आणि प्रतिभाला विचारलं, "पाव्हनी कोन हे? मेथी म्हंजी गानं वाटतं तिला?"

आई हसली. आवाज नाही आला, पण खांदे हलले. मी बघितलं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

आज जे झालं ते लिहू की नको, असा विचार करत चहा गार झाला. डायरीत खोटं लिहायचं तर लिहायचंच कशाला?

तिळगुळाचे निरोप बघताना फोनवर त्या सेवेचं पान उघडलं गेलं. वर मोठ्या अक्षरांत: खास गोरक्षसाठी. खाली तीस गाणी. पहिली दोन भजनं. पुढची अठ्ठावीस तमाशातली. राया, सजणा, पदर, पैंजण. एकावर डोळा मारणाऱ्या बाईचं चित्र. आणि तळाला ओळ: तुम्ही काय ऐकता ते पाहून आम्ही ही निवड केली आहे.

मी भजनांशिवाय काही ऐकलेलं नाही. कितीही ताण दिला तरी दुसरं काही आठवत नाही. यंत्राला माझ्याबद्दल राग नाही, लोभ नाही. त्याला खोटं बोलायचं कारण काय? मग त्याने हे कुठून काढलं?

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी सांगायचे, विहिरीचं पाणी वरून निवळ दिसतं, गाळ काढायला उतरावं तेव्हा कळतं. पन्नाशी आली. गळ्यात माळ आहे. गाळ तसाच असेल आणि मलाच दिसत नसेल, तर?

आईला चांगलं आहे. दीड भाकरी. प्रतिभाला सांगून तिने खोक्याला हळदीकुंकवाचं बोट लावून घेतलं. मी म्हणालो, आई, ते यंत्र आहे. ती म्हणाली, "बाई मानूस हे. सनाच्या दिवशी कोरं कपाळ कसं ठेवायचं?"

सहा महिन्यांतलं तिचं सगळ्यात मोठं वाक्य.

गुरुवार, १६ जानेवारी

स्टोअरमध्ये भारत माझ्या हाताखाली आहे. पोरगा नाही, त्याची स्वतःची दोन पोरं आहेत. पण पोटात काही राहत नाही त्याच्या. तरी त्यालाच विचारलं, कारण फोनचं त्याला कळतं.

"नाना," तो म्हणाला, "मी एकदा फोनजवळ टक्कल हा शब्द बोललो, तर आठवडाभर तेलाच्या जाहिराती. यंत्र माणसाला आतून ओळखतं."

"पण मी ऐकलीच नाहीत ती."

"ऐकायची इच्छा असेल. कोपऱ्यात. दडून बसलेली."

"नाही रे."

"बघा बुवा. तुमच्यात एक रंगेल गडी आहे नाना, आणि तुम्ही त्याला तीस वर्षं नटबोल्ट मोजायला बसवलंय."

दुपारी कँटीनमध्ये दोघांनी मला बघून फेटा उडवल्याची खूण केली.

रविवार, १९ जानेवारी

दोन दिवस आठवून आठवून एक गोष्ट सापडली. प्रतिभा तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं की बारावीच्या वर्षी, नांदगावच्या बस स्टँडवर, हिरव्या रिबिनी बांधलेली एक मुलगी रोज दिसायची आणि मी तिच्याकडे बघायचो.

"मग?"

"मग बस यायची."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

"कुठल्या गावची?"

"ते पण नाही."

प्रतिभाने ताट बाजूला ठेवलं. "अहो, ही वासना नाही झाली. ही चौकशीसुद्धा नाही झाली." आणि तोंडाला पदर लावून आत गेली. आतून बराच वेळ आवाज येत होता. मला वाटलं रडते आहे. आई म्हणाली, "हसती हे."

तरी आजपासून कांदालसूण सोडली. यादी तशीच आहे. उलट आता तीसही तमाशातलीच आहेत.

शनिवार, २५ जानेवारी

नाथांच्या यात्रेला त्र्यंबकला जाऊन आलो. गर्दी फार. दर्शनबारीत एक कीर्तनकार महाराज पुढे उभे होते. चार तास रांगेत, म्हणून धीर करून विचारलं, "महाराज, माणूस नाम ऐकतो आणि यंत्र त्याला लावणी दाखवतं, याचा अर्थ काय?"

महाराजांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "कोणती सेवा घेतली आहे?" मी फोन दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, आपलं नाव टाकून बघितलं, आणि त्यांचं कीर्तन फक्त एकोणीस जणांनी ऐकलेलं निघालं. त्यानंतर बारी हलेपर्यंत ते पान खालीवर सरकवत राहिले. शेवटी म्हणाले, "सोडू नका ही सेवा. माझं कीर्तन रोज लावा. दोघांचंही कल्याण होईल."

सोमवार, २७ जानेवारी

आज फोनवर निरोप आला. जसाच्या तसा उतरवतो. "प्रिय गोरक्ष, आपली सेवा ६ फेब्रुवारी रोजी खंडित होत आहे. अखंड सेवेसाठी येथे दाबा. सेवा सोडायची असल्यास येथे दाबा."

मी सोडणारच होतो. बोट तिथपर्यंत नेलं होतं. पण शब्द वाचला आणि हात मागे आला. आमच्या घराण्यात कुणी सेवा खंडित केलेली नाही. आजोबांनी गावच्या मारुतीला तेल घालायचं घेतलं होतं, ते साप चावला त्या दिवशीसुद्धा आधी तेल घालून मग वैद्याकडे गेले.

स्नेहलला फोन केला.

"पप्पा, सेवा म्हणजे सर्व्हिस हो."

"सर्व्हिस म्हणजे काय?"

"म्हणजे... सेवा."

"मग?"

ती म्हणाली, मीटिंग आहे, नंतर बोलते.

बुधवार, २९ जानेवारी

ठरवलं. ठेवली तर रोज ती यादी डोळ्यासमोर येणार, माळेची लाज जाणार. सोडली तर खंड पडेल, पण तो दोष मी अंगावर घेईन. भजनं आईला रेडिओवर ऐकता येतील.

सोडायचं बटण दाबलं. पुढे पान आलं: आपण का जात आहात? कारण निवडा. महाग वाटते. गाणी कमी आहेत. वापर होत नाही. इतर. मी इतर निवडलं आणि लिहायला घेतलं. मनाच्या गाळापर्यंत आलो तेव्हा यंत्राने सांगितलं की अक्षरं संपली. "महोदय, लहानपणापासून" एवढंच त्यात मावलं, तिथे थांबवता येईना. म्हणून परत पहिल्यापासून लिहायला लागलो.

आई बघत होती. "काय करतो रे?"

"सेवा बंद करतोय."

"कोनाची?"

"ह्या... बाईची."

"तिचं काय चुकलं?"

 चूक तिची नव्हती, माझी होती.

आई उठली. हात टेकून, पण स्वतः उठली. खोक्याजवळ जाऊन बसली. "आज अवस हे. अवसेला लेकीबाळीला घराबाहेर काढत नाय. तुझ्या आज्यानं सुदीक नाय काढलं कुनाला."

मी पान बंद केलं. आई दोन भाकऱ्या जेवली, आणि जेवताना माझ्याकडे पाठ करून बसली.

शनिवार, १ फेब्रुवारी

कंपनीत कॉम्प्रेसर बंद पडला, दुपारी एकलाच सोडलं. तिसऱ्या मजल्यावर आलो. प्रतिभा खाली गणेशजयंतीच्या प्रसादाला गेलेली होती. आमच्या दारामागून ढोलकी ऐकू येत होती.

मी चपला काढल्या, हातात घेतल्या आणि दाराला कान लावून उभा राहिलो. गाणं असं होतं:

चाळीमागं भेटा राया, घेऊ नका माझं नाव,
डोळं भरलं तर सांगीन मी, कांद्यावर घातला घाव.

कांदे साठवायची चाळ. आमच्याकडे शेतात होती तशी. गाणं संपलं. आतून आईचा आवाज आला, "ए बाई, तेच लाव पुन्यांदा." गाणं पुन्हा लागलं. असं तीनदा झालं. मग आई बोलायला लागली.

"ऐकती ना? ह्या गान्यावर आमच्या म्हाताऱ्यानं फेटा उडवला व्हता. जत्रंच्या तमाशात. नवा फेटा, लग्नातला. परत काय भेटला नाय. घरी येऊन सासऱ्याला म्हने, वाऱ्यानं नेला. तंबूत कुठलं आलंय वारं!"

खोका म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

"सांगती की," आई म्हणाली, आणि फेट्यापासून पुन्हा सगळं सांगितलं. खोक्याला पुन्हा समजलं नाही. आईने तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी फेटा जरा वर उडत होता. मग म्हणाली, "तुला सांगती बाई, मह्या डोळ्याला पानी आलं ना, गोरख लगीच थेंबाची बाटली आनतो. चार बाटल्या झाल्या. म्हून त्याच्यासमोर रडायचं बी सोडलं मी."

नवसाबाई टोपली घेऊन जिना चढत होती. "काय दादा, घरात घेत नाय का आज?"

"चपला शोधतोय."

"हातात हायेत ना."

आत गेलो तेव्हा खोका गप्प आणि आई माळ घेऊन.

म्हणजे यादी माझी नव्हती. आधी इतकं हलकं वाटलं की देवापुढे दिवा लावला. नंतर तसं वाटेनासं झालं. आई चाळीस मिनिटं बोलली. मी घड्याळ बघितलं होतं. खोका मंद आहे, त्याला तीनदा सांगावं लागतं. मला एकदा सांगितलं की कळतं, म्हणून आई मला सांगत नसावी.

सोमवार, ३ फेब्रुवारी

खूप विचार केला. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. ह्या वयात कानावर नाम पडावं. राया आणि सजणा पडू नये. तिच्या परलोकाचा विचार मुलानेच करायचा असतो. म्हणून सेवा सोडायची. माझ्या मनात दुसरं काही नाही, हे मी तीनदा तपासलं.

प्रतिभाला सांगितलं. तिला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं! गाणी शोधून पण तीच द्यायची.

"मला का नाही सांगितलं?"

"सासूबाईंना मजा वाटत होती. आणि मलाही." मग म्हणाली, "अहो, जेवतायत त्या. बोलतायत. तुम्हाला त्या डब्याचा हेवा वाटतोय."

मी म्हणालो, डब्याचा हेवा कोण करेल. रागाने नाही म्हणालो. थोडं मोठ्याने म्हणालो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आई अडून बसली की जायचंच असेल तर बाई रिकाम्या ओटीने जाणार नाही.

प्रतिभाने पाट मांडला. पाटावर खोका. वायर भिंतीपर्यंत पुरेना म्हणून पाट तिरका ठेवावा लागला. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. ओटी कुठे घालायची हा प्रश्न आला, कारण खोक्याला ओटी नाही. प्रतिभाने खण गुंडाळून त्यातच तांदूळ ओतले. चार दाणे जाळीतून आत गेले, ते अजून आत आहेत, हलवलं की वाजतात.

आईने विचारलं, "ए बाई, कुठल्या गावची गं तू?"

खोका म्हणाला, "मी क्लाउडमध्ये असते."

"म्हंजी?"

मी म्हणालो, "ढगात, आई."

"लांब हे," आई म्हणाली. "संबाळून जा."

मी बटण दाबलं. कारण विचारलं तेव्हा "वापर होत नाही" निवडलं. खोटं आहे, पण अक्षरांच्या मर्यादेत बसत होतं. मग विचारलं, इतिहास पुसायचा का? मी हो म्हणालो. घाण नको. शेवटी पानावर आलं: आम्हाला तुमची आठवण येईल. मी चुकून ते मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "बघ, रडती हे ती," आणि उठून आतल्या खोलीत गेली.

सोमवार, १० फेब्रुवारी

भजनं रेडिओवर लागतात. आई ऐकते. अर्धी भाकरी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चतकोर. वजन मध्ये चव्वेचाळीसपर्यंत गेलं होतं, आज बेचाळीस. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत काय करत होता तेच करा. मी म्हणालो, काय करत होतो ते लक्षात नाही. डॉक्टरांनी माझंच बीपी मोजलं.

प्रतिभा माझ्याशी बोलत नाही. घरात आता दोघीही हो, नाही, बरं एवढंच बोलतात. भारतला सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हरलो हे लिहून ठेवतो. माझ्या मनात दुसरं होतं. तीनदा तपासूनही दिसलं नव्हतं, काल ताट उचलताना दिसलं. तीन भाग भाकरी उरली होती. परलोक वगैरे काही नव्हतं. आई माझ्याशी का बोलत नाही, एवढंच होतं.

आज सेवा परत घेतली. स्नेहलने फोनवर सांगितलं तसं सगळं केलं. आईला हात धरून आणलं, म्हणालो, "आई, बाई परत आली." आईने पदर सारखा केला. म्हणाली, "ए बाई."

खोक्यातून बातम्या देणाऱ्या माणसासारखा जाड आवाज आला, "नमस्कार. मी एबी. बोला, काय लावू?"

आईने पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "कोन पुरुष मानूस हे रे, गोरख? सांगून तरी यायचं."

मी त्याला म्हणालो, चाळीमागं भेटा लाव. त्याने मुंबईतल्या चाळींच्या पुनर्विकासावर एक भाषण लावलं. कांदा म्हणालो, तर लासलगावचे भाव सांगितले. स्नेहल म्हणते, बाईचा तो आवाज कंपनीने ह्याच महिन्यात बंद केला. आणि ते गाणं कुणीतरी घरच्या जुन्या कॅसेटवरून चढवलेलं असावं. नाव माहीत नाही. इतिहास मी पुसला आहे.

आई भिंतीकडे बघून म्हणाली, "ही ती नाय. ती गेली."

रात्री ताट तसंच परत आलं. म्हणजे भरलेलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

दुपारी बारा वाजता प्रतिभा शेजारच्यांच्या साखरपुड्याला गेली. खोक्याची वायर मी शुक्रवारीच काढून ठेवली होती. मी स्वयंपाकघरात होतो, पिठलं टाकायला कांदा चिरत होतो. मध्ये पडदा. आई बाहेर पलंगावर.

आई म्हणाली, "ए बाई."

मी हात थांबवला. खोका मेलेला.

"ए बाई, गेली का गं खरंच?"

"ओ," मी म्हणालो.

कसं तोंडातून गेलं कळलं नाही. बाहेर पलंग करकरला. मग आई म्हणाली, "आवाज बसलाय का गं?"

"सर्दी झाली."

"ढगात ऱ्हाती, मग व्हनारच. ते लाव ना."

दारामागे तीनदा ऐकलं होतं, त्यामुळे पहिलं कडवं येत होतं. पण मी जन्मात भजनाशिवाय काही म्हटलेलं नाही. घसा खाकरून सुरू केलं. चाल माझ्या हातात राहिलीच नाही, ती आपोआप काकड्याच्या वाटेने गेली. चाळीमागं भेटा राया मी इतक्या संथपणे म्हटलं की राया येईपर्यंत कांदे विकून झाले असते. घाव ह्या शब्दावर सवयीने हात वर गेला आणि पुढे विठ्ठल विठ्ठल झालं.

"त्याला कशाला मधी आनती?" आई म्हणाली. "आता दुसरं कडवं."

"दुसरं येत नाही."

"कशी बाई हे!" आणि आईने पलंगावर टाळी धरली. तिचा आवाज मी तीसेक वर्षांत ऐकला नव्हता. वडील असताना पण नाही. फाटका आहे, पण सुराला सोडत नाही.

उन्हाळ कांदा टिकतो राया, लाल कांदा टिकंना,
तुमचा सबूद कोंच्या वानाचा, मला काही कळंना.

कडवं संपलं. काहीतरी बोलायला हवं होतं. खोका अशा वेळी काय म्हणतो ते मला एकच माहीत होतं. मी म्हणालो, "माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?"

"सांगती की."

तिने फेट्याचं सांगितलं. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं. ह्या वेळी त्यात वडील रस्ताभर डोक्याला उपरणं गुंडाळून आले होते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते वाटेत थांबून तिला म्हणाले होते, कुसा, तू हसली ना, मग गेला तर गेला फेटा. मग आई रडली, मोठ्याने, बराच वेळ. थेंबांची बाटली माझ्या समोर फळीवर होती. मी कांदा चिरत राहिलो. पिठल्याला एक लागतो, सात झाले.

पिठलं घेऊन बाहेर गेलो तेव्हा आई डोळे पुसून बसली होती. तिने दीड भाकरी खाल्ली. माझ्या शर्टाच्या बाहीला कांद्याची साल होती, ती तिने काढून ताटाखाली ठेवली.

मी भांडी घेऊन पडद्याआड गेलो, तेवढ्यात तिने पुन्हा हाक मारली, "ए बाई."

"ओ."

"डबा घासून ठेव लवकर. उद्या फर्स्ट शिफ्ट हे ना तुझी."

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी नवी सेवाही बंद केली. पण आईची काळजी वाटते. वयाप्रमाणे आता ती थोडी घोटाळायला लागली असावी. खोक्यातल्या बाईला कुठली आली शिफ्ट? डॉक्टरांना विचारायला हवं. उद्या जमणार नाही, पाचला उठायचं आहे. आणि दुसरं कडवं मला अजून नीट पाठ झालेलं नाही.